वाणाची कर्दळ

गार्डन रीच, कलकत्ता
२७ जानेवारी १९५७

तीर्थस्वरूप शकुनवन्सं यांना सुनीतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. पण पाकीट फोडा, आत चिमूटभर हलवा आहे. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला नसला म्हणजे मिळवली.

सहा वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. यांच्या पत्रात खाली ‘सौ.चा नमस्कार’ असायचा, पण तोही हेच लिहायचे. मी कधी म्हटलं, ‘तुमच्या बहिणीला माझ्या वतीनं जरा समजावून लिहा ना,’ तर म्हणायचे, “तुम्हा दोघींच्या मध्ये मी येणार नाही. रुळांमध्ये उभं राहणाऱ्यांचं काय होतं ते मी रोज रेल्वेच्या ऑफिसात वाचतो.”

आज मीच लिहिते आहे, त्याला कारण कालचं हळदीकुंकू. खिदिरपूरला ट्राम बदलून बेहालाला सरलाबाईंकडे गेले होते. आठवतात ना? धंतोलीत आपल्यासमोर राहायच्या, यजमान रेल्वेत, हसल्या की रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायचा. त्यांना इथे येऊन वीस वर्षं झाली, पण हसणं तेच आहे. बायका गेल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “चल परसात, तुला तुझी सासू दाखवते.”

परसात भिंतीलगत कापलेल्या दांड्यांचे नुसते खुंट होते, आणि कोपऱ्यात एकच दांडा उभा. त्याला फूल होतं. वन्सं, ते मी कुठेही ओळखलं असतं. पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग, पाकळीला दोऱ्याइतकी पिवळी कड, गळ्याशी तांबडे ठिपके. न्हाणीमागची आपली कर्दळ.

“ही तिनंच दिलेली,” सरलाबाई म्हणाल्या. “तुझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. संक्रांतीला बायका फण्या लुटतात, कुंकवाच्या डब्या लुटतात. तुझ्या सासूनं कर्दळीचे गड्डे लुटले! ओल्या मातीसकट ओटीत घातले. माझ्या जरीच्या लुगड्याला पडलेला डाग अजून आहे, दाखवू?”

मी विचारलं, “आणि या बाकीच्या मेल्या का हो?”

“मेल्या? अगं, दिवाळी झाली की मीच कापते जमिनीसरशी. जुने दांडे गेले की खालून नवे येतात. कर्दळ मारायची म्हणजे वरून इंजिन न्यायला हवं, आणि तेही मालगाडीचं.”

त्या हसत होत्या. मला हसू येईना.

सासूबाई गेल्या त्या फाल्गुनात न्हाणीमागची कर्दळ मी खणून टाकली. रोज दोन बादल्या जास्तीच्या ओतणारं माणूस सात महिने अंथरुणाला होतं. कर्दळ पार वाळली होती, आणि मला ती मेली असं वाटलं. तुम्ही शाळेतून आलात, खड्डा पाहिलात, “बरं,” म्हणालात आणि आत गेलात. तेव्हापासून माझ्याशी बोलला नाहीत. ती मेली असंच मला वाटलं होतं, वन्सं. हे तेव्हाही सांगितलं होतं, आज पुन्हा सांगते.

रथसप्तमी झाली की सरलाबाई गड्डे काढून देणार आहेत. ते मी तुम्हाला पाठवीन. बी नाही, गड्डेच. बियांतून फूल कसल्याही रंगाचं निघतं म्हणे, गड्ड्यातून मात्र तेच येतं.

तिळगूळ घ्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
सुनीती


गार्डन रीच
१२ फेब्रुवारी १९५७

ती. वन्संना नमस्कार.

यांच्या ऑफिसातले चारुदत्त उद्याच्या मेलनं नागपूरला निघाले आहेत. त्यांच्याबरोबर गोणपाटाची पिशवी पाठवते आहे. त्यांना सांगितलंय, “काही बोलू नका, पत्रात सगळं लिहिलंय म्हणून सांगा.” ते बिचारे आधीच कमी बोलतात.

पिशवीत नऊ गड्डे आहेत. काल सरलाबाईंनी पदर खोचून कोयत्यानं ते फोडले. मी ‘हळू, हळू’ करत होते, तर म्हणाल्या, “तू माहेरवाशिणीला निरोप देतेयस का? फोडल्याशिवाय ती फुलत नाही. गर्दी झाली की नुसती पानं येतात.” प्रत्येक तुकड्याला एकदोन डोळे आहेत ते बघून घेतलं आहे. माती धुऊन टाकली, नाहीतर चारुदत्तांचं अंथरूण खराब व्हायचं. डोळे वर करून, चार बोटं खोल, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावा. तुम्हाला हे मी सांगायचं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे.

एकही इथे ठेवला नाही. बंगल्यामागे जागा पुष्कळ आहे, नदीवरून वारा येतो, गुलाब चांगले लागले आहेत. सरलाबाई म्हणाल्याही, “एक लाव ना स्वतःला.” पण मला ते बरं दिसेना. ज्या घरातून मी काढली त्या घरात ती आधी लागू दे.

लीनासाठी एक स्थळ आलं आहे, जमशेदपूरचं. मुलगा इंजिनिअर, नाव श्रीकांत. बघायला आला तेव्हा बाईसाहेबांनी त्याला रसगुल्ला वाढताना विचारलं, “आणखी एक घेशील का घेशील नाही?” तिचं मराठी हे असं बंगालीच्या चालीवर चालतं. तो हसला, आणि त्यानं आणखी दोन घेतले. मला वाटतं जमेल.

तुमची,
सुनीती


गार्डन रीच
१९ मार्च १९५७

ती. वन्सं,

तुमची बरणी पोचली. चिठीही.

चिठी मी इतक्या वेळा वाचली की पाठ झाली आहे. “सुनीतीस, चारुदत्तांबरोबर पाठवलेली आंबेहळद मिळाली. बंगालच्या आंबेहळदीला वास नसतो हे नव्यानं कळलं. निबर होती, दोऱ्या फार. टाकवेना म्हणून लोणचं घातलं, लिंबू जास्त पिळलं आहे. तुझी पत्रंही मिळाली. ती मी फोडत नाही, बिस्किटांच्या डब्यात ठेवते. टाकलेली नाहीत. शकुन.”

सहा वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. अजून तसंच, फळ्यावर लिहिल्यासारखं ठसठशीत. आधी मी रडले. मग ‘आंबेहळद’ हा शब्द डोक्यात शिरला आणि मी बरणी घेऊन खालीच बसले.

आईची कर्दळ फोडणीत गेली, वन्सं! मोहरी, हिंग, मेथी, वर लिंबू.

चूक माझीच. कशाला धुऊन पुसून पाठवले गड्डे! मातीचे असते तर तुम्ही ओळखलेच असते.

रात्री हे जेवायला बसले. मी लोणचं वाढलं. यांनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. “शकुनच्या हातचं! मसाला अगदी आईचा.” मग म्हणाले, “हळद मात्र बटाट्यासारखी लागते.”

“आत्याची लोणचं आहे, नाव ठेवू नका,” लीना म्हणाली.

मग मी सांगितलं. हे इतके हसले की ठसका लागला, लीना पाठ चोळत बसली. सरलाबाईंकडून कळलं की कर्दळीचा कंद पोटाला बाधत नाही, गरीबगुरीब उकडून खातात. (त्यांना मी नुसतंच ‘कुणीसं विचारत होतं’ असं सांगितलं. भेटल्या की त्या विचारतात, “रुजली का गं?” मी म्हणते, “मुरते आहे.”) तेव्हा आम्ही ती बरणी रोज थोडी थोडी संपवतो आहोत. सासूबाईंनी मला सतरा वर्षं वाढून खायला घातलं, त्यांची कर्दळही त्याला चुकली नाही.

आता मी हे सगळं पुन्हा पाकिटात घालून पाठवते आहे, आणि तुम्ही ते डब्यात टाकणार आहात. लीना म्हणते, “आई, पोस्टकार्ड लिही ना. ते फोडावं लागत नाही, आत्याला वाचावंच लागेल.” मुलगी हुशार आहे. पण मला पाकीटच बरं वाटतं. का ते नीट कळत नाही. न वाचणाऱ्या माणसाला लिहिताना हात मोकळा चालतो.

तुमची,
सुनीती


पोस्टकार्ड
२९ एप्रिल १९५७

ती. सौ. नव्हे, ती. वन्संना सा. नमस्कार. (पोस्टकार्ड लिहायची सवय मोडली आहे.) चि. लीनाचं लग्न जमशेदपूरच्या श्रीकांतशी ठरलं. मार्गशीर्षात, इथेच, गार्डन रीचला. बारशाला कानात नाव सांगितलं ते तुम्ही. ती म्हणते, जिनं नाव ठेवलं ती मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. तुम्ही यावं. पंधरा दिवस आधी यावं. लोणचं उत्तम झालं होतं, संपलं. सुनीती.


गार्डन रीच
२१ मे १९५७

ती. वन्सं,

तुमचं कार्ड आलं. “मुलीला आशीर्वाद. जावई हसरा आहे असं श्यामूनं लिहिलं, हे चांगलं. मला इतका प्रवास झेपत नाही.”

गेल्या नाताळात तुम्ही शाळेच्या मुलींना घेऊन पचमढीला गेला होतात, निवृत्त झाल्यावरसुद्धा. हे यांनीच मला सांगितलं. तेव्हा झेपत नाही तो प्रवास नव्हे.

लीनानं कार्ड वाचलं. मग मागच्या दारी जाऊन बसली. तिला तुमची आठवण आहे, वन्सं. पाढे म्हणायला लावून तुम्ही तिला एका पाढ्याला एक बोर द्यायचात. पंधरा वर्षांची होती ती आम्ही नागपूर सोडलं तेव्हा, आणि दोन बायकांचा अबोला तिनं फुकट भोगला.

म्हणून आज खरं लिहिते. तुम्ही फोडणार नाही, म्हणून लिहिते.

ती मेली असं मला वाटलं नव्हतं.

त्या सकाळी गडी कुदळ घेऊन आला. मी काठीनं वाळक्या पानांचा ढीग बाजूला सारला. खाली कोंब होता. बोटभर, तांबूस, पानाची सुरळी घट्ट मिटलेली. मी तो बघितला. मग पानं पुन्हा त्याच्यावर सारली आणि गड्याला म्हटलं, “खण.”

गुलाब लावायचे होते. पण नुसत्या गुलाबांसाठी नव्हे. सासूबाई मला कधी वाईट वागल्या नाहीत, देवाशपथ. पण सतरा वर्षं त्या घरात कढईसुद्धा त्यांच्या खिळ्यावर टांगली जायची. पातेलं कुठलं, पीठ कुठल्या डब्यात, तुळशीला पाणी कुणी घालायचं, सगळं ठरलेलं. शेवटचे सात महिने मी त्यांचं सगळं केलं, ते प्रेमानंच केलं. आणि त्या गेल्यावर तेराव्यानंतर मला वाटलं, या घरात एक हातभर जमीन तरी माझ्या मनाची असावी. कोंब दिसला तेव्हा मला दया आली नाही, राग आला. म्हणजे अजून आहातच का, असा.

तुम्ही “बरं” म्हणालात ना, तेव्हा तुम्हाला कळलं होतं असंच मला वाटत आलं आहे.

माझे गुलाब तिथे पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेले, तेही तुम्हाला माहीत आहे.

हे लिहून हलकं वाटतं आहे. नदीवर आगबोटीचा भोंगा झाला, हे ऑफिसातून येतील. आज आंबरस आहे. इथले आंबे गोड असतात, पण यांना त्यात हापूसचाच वास लागतो, नसला तरी.

तुमची,
सुनीती


पोस्टकार्ड
३ ऑगस्ट १९५७

ती. वन्संना सा. नमस्कार. तुमचं कार्ड काल मिळालं. “बियाण्यासाठी एक तुकडा न्हाणीमागे पुरला होता, जागा रिकामीच होती. त्या आंबेहळदीला आज नारिंगी फूल आलं. पाकळीला पिवळी कड. खुलासा कर.” खुलासा डब्यात आहे. पाकिटं फोडावीत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिन्ही फोडावीत. मे महिन्यातलं फोडू नये. ते न फोडता चुलीत घालावं, एवढी विनंती. सुनीती.


धंतोली, नागपूर
११ ऑगस्ट १९५७

चि. सौ. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

‘मे महिन्यातलं फोडू नये’ असं लिहिलंस, म्हणून तेच आधी फोडलं. तीस वर्षं मुलींना शिकवलं आहे. ‘मागच्या पानावर काही नाही’ असं मुलगी म्हणाली की मी मागचंच पान बघते.

आधी किरकोळ गोष्टी. पहिल्या पाकिटात हलवा होता, हे पाकिटाच्या बाहेर लिहायला हवं होतंस. बिस्किटांच्या डब्याला मुंग्या का लागतात ते मी सहा महिने शोधत होते. दोनदा डबा उन्हात ठेवला, एकदा खाली रॉकेलच्या वाट्या ठेवल्या.

दुसरी गोष्ट लोणच्याची. ते मी इथे तीन घरी वाटलं. शेजारच्या प्रेमलताबाईंनी कृती लिहून घेतली आणि ‘खास बंगालची आंबेहळद’ म्हणून मुलीच्या सासरी पाठवलं. आता त्यांना काय सांगू ते तूच कळव. खोटं तुला लिहिता येतं, मला येत नाही.

म्हणजे, येत नाही असं मी समजत होते.

त्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले. फाटकाशी गडी कुदळ घेऊन उभा होता. मी विचारलं, काय खणायचं आहे? म्हणाला, न्हाणीमागची कर्दळ. मी वळले आणि मागे जाऊन बघून आले. पानं सारून बघितली. कोंब मीही पाहिला, सुनीती. तांबूस होता, सुरळीचा. तुझ्या आधी मी पाहिला.

तुला हाक मारायला दोन पावलं घरात यावं लागलं असतं. मला सव्वादहाचा तास होता. आणि आईच्या सात महिन्यांत मी एकही तास बुडवला नव्हता, हे मला त्याच वेळी आठवलं. तिचं अंग पुसलंस तू, उशा बदलल्यास तू, मी रोज वेळेवर शाळेत होते. मग कर्दळीपुरतं घरी कोणत्या तोंडानं थांबायचं? पानं परत झाकली आणि गेले. संध्याकाळी खड्डा दिसला तेव्हा ‘बरं’ म्हणाले. त्यानंतर तुझ्यावर रागावणं सोपं होतं, ते सहा वर्षं केलं. आता पुरे.

कढईबद्दल लिहिलंस ते खरं आहे. तो खिळा अजून तिथेच आहे. मीसुद्धा कढई दुसरीकडे टांगायला धजले नाही.

तुझ्या नऊंपैकी आठ तुम्ही आणि प्रेमलताबाईंच्या व्याह्यांनी खाल्ले. नववा मात्र पसरला आहे. चार दांडे आलेत, पाचवा दिसतो आहे. फूल तेच. मी काल खुर्ची घेऊन न्हाणीमागे बसले होते, लोक काय म्हणतील ते म्हणोत. आईचं काही उरलं नाही असं धरून मी चालले होते, आणि तिनं सगळ्या गावाला ते आधीच लुटून ठेवलं होतं. सरलाला माझा नमस्कार सांग, आणि तिच्या लुगड्यावरचा डाग धुऊ नको म्हणावं.

लीनाला सांग, आत्या येते आहे. पंधरा दिवस नाही, महिनाभर आधी. दिवाळी आटोपली की मेलनं निघेन. श्यामूला हावड्याला पाठव, आणि त्याला म्हणावं, आता रुळांच्या मध्ये उभं राहायला हरकत नाही, दोन्ही गाड्या थांबल्या आहेत. मुलीचं मराठी मी महिन्याभरात सरळ करीन. जावयाला ते तसंच आवडत असेल तर राहू देईन.

निघण्याआधी दांडे कापून गड्डा फोडणार आहे. अर्धा इथे, अर्धा तुझ्याकडे. या वेळी मातीसकट आणीन, म्हणजे कुणी लोणचं घालणार नाही. तुझ्या बंगल्यामागे न्हाणीचं पाणी कुठून वाहतं ते बघून ठेव. गुलाब हलवू नकोस, ते तुझे आहेत, त्यांच्या शेजारी हातभर जागा पुरेल.

खड्डा मी आल्यावर खणू, दोघी मिळून. तोवर कुदळीला हात लावू नकोस.

शकुन